पक्षाघातानंतर घरी आलेल्या रुग्णाची काळजी आणि पुनर्वसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघाताचा झटका येऊन गेला, जीव वाचला आणि आता हॉस्पिटलमधून घरी सोडतायत. यापुढचं बरंचसं काम घरातच व्हायचं असतं, आणि ते ज्यांना करायचं आहे त्यांना ते आधी कुणी शिकवलेलं नसतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी रुग्णांच्या घरी जाऊन काम करते. घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं घेतले आहेत. मेंदूला इजा कुठे आणि किती झाली यावर प्रत्येकाची गोष्ट बदलते. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

उद्या डिस्चार्ज आहे. निघण्याआधी काय विचारून घ्यायचं?

पहिलं म्हणजे झटका कशामुळे आला: रक्ताची गुठळी अडकून की रक्तवाहिनी फुटून? पुढची औषधं यावरच ठरतात. गुठळीच्या रुग्णाला चालणारी रक्त पातळ करणारी गोळी रक्तस्राव झालेल्या रुग्णाला घातक ठरू शकते. दुसरं, गिळण्याची तपासणी झाली आहे का, आणि तोंडाने काय द्यायचं, किती घट्ट द्यायचं. तिसरं, प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि कधीपर्यंत घ्यायची. काही गोळ्या थोड्याच आठवड्यांसाठी असतात, काही आयुष्यभरासाठी, आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पण सर्वांत महत्त्वाचं काम विचारायचं नाही, करून बघायचं आहे. कूस बदलणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं, नाकातल्या नळीतून अन्न देणं, तोंड साफ करणं हे सगळं नर्स किंवा फिजिओसमोर तुमच्या हातांनी निदान एकदा तरी करा. त्यांनी केलेलं नुसतं बघितलं की सोपं वाटतं. घरी पहिल्याच रात्री गरज पडते तेव्हा हात अडतात.

घरात काय काय बदलावं लागेल?

खूप काही विकत आणण्याची घाई करू नका. पलंगाच्या कडेला बसल्यावर रुग्णाची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. पलंग त्याहून उंच असेल तर घसरण्याची भीती, फार खाली असेल तर उठताच येत नाही. पायात अडकेल असं सगळं उचला: सुट्या सतरंज्या, पायपुसणी, वायरी. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा राहू द्या. बाथरूममध्ये भिंतीला पक्के दांडे आणि बसून आंघोळ करायला न घसरणारी खुर्ची हवी. दाराची कडी अशी असावी की बाहेरूनही उघडता येईल. अधू बाजूला स्पर्श कळत नसेल तर गरम पाण्याने भाजलेलंही कळत नाही. म्हणून पाणी आधी तुम्ही बघा, किंवा त्यांना चांगल्या हाताने बघू द्या.

आणि पलंग आतल्या बंद खोलीत टाकू नका. जिथं घरातली वर्दळ आहे, बोलणं-चालणं आहे, तिथं ठेवा.

तीन महिन्यांत जे सुधारेल तेवढंच, पुढे काही होत नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धवट खरं आहे आणि त्यामुळेच फार नुकसान करतं. मेंदूतल्या ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत, पण आजूबाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे शाबूत भाग नवे जोड तयार करून ती कामं हळूहळू अंगावर घेऊ शकतात. हे सर्वांत वेगाने पहिल्या तीन महिन्यांत होतं, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी चालू राहतं आणि नंतर वेग मंदावतो. मंदावतो, थांबत नाही. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त दोन आठवडे अधू हाताचा कसून सराव करून घेतला होता, आणि झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

याचा अर्थ दोन्हीकडून घ्यायचा. पहिले तीन महिने वाया घालवायचे नाहीत, आणि ते गेले म्हणून प्रयत्न सोडायचेही नाहीत. पाय सहसा हाताच्या आधी सुधारतो. बोटांची बारीक हालचाल सर्वांत शेवटी येते, काहींना ती पूर्णपणे येत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

फिजिओ रोज तासभर येतात. एवढं पुरतं का?

नाही. माझ्या मते घरच्या पुनर्वसनाबद्दलचा हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मेंदू शिकतो तो एकच हालचाल, आणि तीही कामाची हालचाल, शेकडो वेळा करून. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पुनर्वसनाची उद्दिष्टं ठरलेल्या रुग्णाला आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास थेरपी मिळावी असं म्हटलं आहे. घरी येणाऱ्या फिजिओच्या एका तासात हे बसत नाही. उरलेले तेवीस तास रुग्ण काय करतो यावर जास्त काही ठरतं.

आणि बहुतेक घरांत त्या तेवीस तासांत रुग्ण काहीच करत नाही, कारण सगळं प्रेमाने करून दिलं जातं. पाणी हातात दिलं जातं, बटणं लावून दिली जातात, उठायच्या आधीच दोघं जण काखेत हात घालून उचलतात. मागचा हेतू चांगलाच असतो. पण प्रत्येक वेळी मेंदूची शिकायची एक संधी हुकते. म्हणून नियम असा ठेवा: आधी थांबा, त्यांना सुरुवात करू द्या, अडलं तिथं लागेल तेवढीच मदत करा आणि लगेच हात काढून घ्या. शर्ट घालायला वीस मिनिटं लागली तर लागू द्या, तो वीस मिनिटांचा व्यायाम झाला. घाईच्या वेळी तुम्ही घालून द्या, पण दिवसातली निदान दोन-तीन कामं अशी ठरवा की ती पूर्णपणे त्यांची.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरच्यांना शिकवून थेरपीचं सगळं काम त्यांच्यावरच सोपवता येईल का, हे बघायला भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबन यांत, नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत काही फरक पडला नव्हता. म्हणून मी घरच्यांना कधीच म्हणत नाही की तुम्हीच थेरपिस्ट व्हा. काय करायचं, कधी वाढवायचं, कुठे थांबायचं हे तज्ज्ञाने ठरवावं. घरच्यांचं काम ते ठरलेलं दिवसभराच्या जगण्यात मिसळण्याचं आहे. फिजिओ आले की चहापाणी बघायला आत जाऊ नका, शेजारी उभं राहून शिका, आणि जाताना विचारा: "उद्यापर्यंत आम्ही दिवसभरात काय करायचं?"

झोपवायचं कसं? किती वेळाने कूस बदलायची?

स्वतः हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. चांगली गादी असेल तर हे अंतर वाढवता येतं का ते नर्सला विचारा. हवेची गादी मदत करते, पण तिच्यामुळे कूस बदलणं चुकत नाही. माकडहाड, टाचा, कमरेची बाजूची हाडं, घोटे रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही आणि ती चोळायचीही नाही. गडद त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते हाताने बघा.

अधू कुशीवर झोपवलं तर चालतं, उलट चांगलं असतं. फक्त तो खांदा अंगाखाली दबू न देता हलकेच पुढे घ्यायचा. चांगल्या कुशीवर झोपवताना अधू हात समोर उशीवर आणि अधू पाय गुडघ्यात थोडा वाकवून दुसऱ्या उशीवर ठेवा. उताणं झोपवताना अधू खांद्याखाली आणि हाताखाली उशी द्या.

उठवताना हात धरून ओढलं तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, त्यात ओढ बसली की दुखापत होते. मग खांदा दुखतो, दुखतो म्हणून हलवत नाहीत, हलवत नाहीत म्हणून आखडतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत हाताची थेरपीच ठप्प होते. अधू हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीही उचलायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, किंवा पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार द्या. बसल्यावर हात मांडीवरून लोंबू देऊ नका, उशीवर किंवा टेबलावर ठेवा. छतावरच्या कप्पीतून दोरी ओवून चांगल्या हाताने अधू हात वर खेचण्याचा व्यायाम काही ठिकाणी अजून सांगतात. तो करू नका.

हाताचा पंजा सुजला, गरम लागतोय, रंग बदललाय आणि बोटं हलवली की रुग्ण कळवळतो, असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

बोटं घट्ट मिटलेली असतात. दाबायला रबरी चेंडू द्यायचा का?

घरोघरी हा चेंडू दिसतो, पण अशा हाताला त्याची गरज नसते. बोटं मिटण्याची ताकद आधीच जास्त झालेली असते. कमी पडते ती उघडण्याची. म्हणून सराव उघडण्याचा हवा: पेला धरून सोडणं, टेबलावर तळवा सपाट पसरून त्यावर थोडा भार देणं, कापड पुढे सरकवणं. मुठी सोडवताना एकेक बोट ओढू नका. आधी मनगट खाली वाकवा, बोटं आपोआप सैल होतात, मग अंगठ्यापासून हळूहळू उघडा. तळवा रोज धुऊन कोरडा करा आणि नखं कापा, नाहीतर आत जखमा होतात.

कडकपणा वाढतच असेल, कपडे घालणं किंवा चालणं अवघड होत असेल, तर गोळ्या आहेत आणि कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शनही आहे. इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, आणि त्या काळात ताण देण्याचे व्यायाम आणि सराव केला तरच त्याचा खरा उपयोग होतो. कडकपणा अचानक वाढला तर कारण शोधा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, एखादी जखम यांमुळेही तो वाढतो.

हात थोडा हलतो, पण ते वापरतच नाहीत.

हे नेहमी होतं. चांगल्या हाताने काम पटकन होतं, मग मेंदू अधू हाताला विसरायला लागतो. मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येत असतील तर एक उपचार आहे: चांगल्या हातात जाड मोजा घालून तो बांधून ठेवायचा आणि रोज काही तास अधू हातालाच कामाला लावायचं. २००६ चा वर सांगितलेला अभ्यास याच पद्धतीचा होता. मात्र हे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायचं, आणि चालताना मोजा काढायचा, कारण तोल गेला तर धरायला तोच हात आहे.

हात अजून हलतच नसेल तर आरशाचा व्यायाम करून बघा. छातीसमोर मधोमध, दोन हातांच्या मध्ये, आरसा उभा ठेवायचा, काच चांगल्या हाताकडे. अधू हात आरशाच्या मागे, चांगला हात पुढे. आरशात बघत चांगला हात सावकाश उघडायचा, मिटायचा, फिरवायचा. डोळ्यांना अधू हातच हलतोय असं दिसतं. रोज अर्धा तास, काही आठवडे. अभ्यासांमध्ये याचा फायदा दिसला आहे, खर्च जवळजवळ नाही, आणि अंथरुणात टेकून बसूनही करता येतं.

मालिश किती वेळा करावी?

हलक्या हाताची मालिश बरी वाटत असेल तर जरूर करा. पण तिच्याने हालचाल परत येत नाही. ती रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाने येते. तासभर मालिश आणि दहा मिनिटं व्यायाम असं चालू असेल तर ते उलटं करा. जोरात रगडणं, सांधे कडकडा वाजवणं नको. आणि एका पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर त्या पायाला हात न लावता डॉक्टरांकडे जा. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

उभं कसं करायचं? काठी कोणत्या हातात?

बसल्या जागी पुढे सरकू द्या. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. मग पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून उठा. पुढे वाकायला भीती वाटते, म्हणून बहुतेक जण सरळ वर उठायला बघतात आणि मागे पडतात. तुम्ही अधू बाजूला उभं राहायचं, पट्टा धरायचा, गरज असेल तर त्यांचा अधू गुडघा तुमच्या गुडघ्याने रोखायचा. पलंगावरून खुर्चीत जाताना खुर्ची सुरुवातीला चांगल्या बाजूला ठेवा. बसून उठणं, उठून बसणं हा व्यायाम दिवसातून अनेकदा करता येतो, आणि एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी हाच निवडेन. पायांची ताकद, तोल आणि संडासला स्वतः जाण्याची सोय, तिन्ही त्यातून येतात.

काठी चांगल्या हातात. आधी काठी, मग अधू पाय, मग चांगला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी अधू पाय. मदत करणाऱ्याने दोन्ही वेळा खालच्या पायरीवर राहायचं. पाऊल लोंबकळत असेल, बोटं जमिनीला घासत असतील, तर घोट्याला धरून ठेवणारा स्प्लिंट लावता येतो. तो लावला म्हणजे पाय कायमचा अधू राहील, अशी भीती बाळगू नका. नीट पाऊल पडलं तरच नीट चालायचा सराव होतो.

पडले तर?

लगेच ओढून उभं करू नका. कुठे दुखतंय, डोक्याला लागलंय का, अंग आधीसारखंच हलतंय का ते बघा. कमरेत किंवा जांघेत फार दुखत असेल तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना डोकं आपटलं असेल, तर माणूस ठीक दिसत असला तरी त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या. इजा नसेल तर कुशीवर वळवा, समोर पक्की खुर्ची ठेवा, गुडघ्यावर येऊ द्या आणि खुर्चीचा आधार घेऊन त्यांनाच उठू द्या.

जेवताना ठसका लागतो. थोडं-थोडं देत राहावं का?

आधी थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरलं की न्यूमोनिया होतो, आणि पक्षाघातानंतरच्या मृत्यूंमागचं हे एक मोठं कारण आहे. सगळ्यांना ठसका लागतोच असंही नाही. काहींच्या घशातली जाणीवच गेलेली असते आणि पाणी आवाज न करता फुप्फुसात जातं. गिळल्यावर आवाज घोगरा, ओला येणं, जेवायला फार वेळ लागणं, पुन्हा पुन्हा ताप येणं या खुणा ध्यानात ठेवा.

तोंडाने द्यायची परवानगी असेल तर पूर्ण जागं असतानाच द्या, ताठ बसवून. पडल्या-पडल्या एक चमचाही नको. छोटा चमचा, चांगल्या बाजूच्या गालात, आणि गिळल्याची खात्री करून मगच पुढचा. पाणी सर्वांत सोपं असेल असं वाटतं, पण बऱ्याच रुग्णांना तेच सर्वांत अवघड जातं, कारण घसा सावरायच्या आत ते खाली पोचतं. म्हणून पावडर मिसळून पातळ पदार्थ दाट करायला सांगतात. किती दाट, हे तपासणी करणाऱ्यांनी ठरवायचं. जेवताना टीव्ही बंद, गप्पा नंतर. शेवटी अधू गालात घास साठलाय का ते बघा आणि अर्धा तास बसवून ठेवा.

तोंडाची स्वच्छता इथं दुर्लक्षून चालत नाही. दिवसातून निदान दोनदा दात, जीभ, टाळू साफ करा. नळीतून अन्न जात असेल तेव्हाही, कारण तोंडातली लाळ आणि तिच्यातले जंतू घशात उतरतातच. नळी असेल तर अन्न देताना आणि नंतर अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू ३० अंशांहून वर हवी. प्रत्येक वेळी नाकाशी असलेली नळीवरची खूण जागेवर आहे ना बघा. नळी निघाली तर घरी परत घालू नका. गोळ्या कुटण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

बोलता येत नाही. आमचं त्यांना कळतं का?

बहुतेकांना तुम्हाला वाटतं त्याहून जास्त कळतं. भाषेची केंद्रं सहसा मेंदूच्या डाव्या बाजूला असतात, म्हणून उजवं अंग गेलेल्या रुग्णांत हा त्रास जास्त दिसतो. काहींना समजतं पण शब्द सापडत नाही. काही भरभर बोलतात पण त्याला अर्थ नसतो, आणि समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही. काहींची भाषा शाबूत असते, फक्त जीभ-ओठ अधू असल्यामुळे उच्चार अस्पष्ट येतात. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा. बुद्धी गेली असं मात्र कुणी समजू नका, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ते तिथं नसल्यासारखं बोलू नका.

एका वेळी एकच माणूस, छोटी वाक्यं, नेहमीचाच आवाज. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, आणि "हो" तोंडाने आलं तरी मानेने किंवा अंगठ्याने खात्री करून घ्या, कारण "नाही" म्हणायचं असताना "हो" निघून जातं. चित्रं, खुणा, लिहून दाखवणं, सगळं चालतं. शब्द शोधत असतील तर थांबा. दहा सेकंद फार वाटतात, पण पटकन शब्द पुरवलात तर शोधायची सवयच मोडते. ज्यांना एक वाक्य बोलता येत नाही त्यांना अंक, वारांची नावं, पाठ असलेली गाणी म्हणता येतात, असं पुष्कळदा दिसतं. तिथून सुरुवात करा.

ताटातलं अर्धंच जेवतात, डाव्या बाजूला उभं राहिलं तर बघतही नाहीत. रागावलेत का?

नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींसाठी डावीकडचं जग जणू उरतच नाही. डोळे ठीक असतात, लक्षच तिकडे जात नाही. दाढी अर्धीच करतील, दाराच्या चौकटीला आपटतील, हात चाकाच्या खुर्चीच्या चाकात अडकला तरी कळणार नाही. त्यामुळे अशा रुग्णाला एकटं चालू देऊ नका. ताटाच्या, पानाच्या डाव्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा आणि "पट्टी दिसेपर्यंत मान वळवा" असं सांगत राहा. बोलायला, हात हातात घ्यायला हळूहळू डावीकडून जा. घंटी, चष्मा, औषधं अशा गरजेच्या वस्तू मात्र दिसतील अशाच ठेवा.

सोयीचं म्हणून डायपर लावून ठेवावा का?

रात्री किंवा प्रवासात ठीक. दिवसभर नको. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर कमोडवर बसवा. बरेच रुग्ण काही आठवड्यांत पुन्हा सांगायला लागतात. लघवीची नळी गरज संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही ठेवू नये, जंतुसंसर्गाचा धोका रोज वाढतो. ती कधी काढायची हे प्रत्येक भेटीत विचारा. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका.

कारण नसताना रडतात, मध्येच हसतात. चिडतातही.

अचानक, प्रसंगाशी संबंध नसलेलं रडू किंवा हसू हा भावनांवरचा ताबा सुटल्याचा परिणाम असतो, काही मिनिटांत ओसरतो. तेव्हा समजावू नका, विषय बदला. त्याला औषधंही आहेत. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास राहणं, जेवण-झोप बिघडणं, व्यायामाला "काय उपयोग" म्हणणं हे नैराश्य असू शकतं. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला ते होतं. त्यावर उपचार होतो, आणि तो झाला नाही तर बाकीचं पुनर्वसनही अडतं. मरणाबद्दल बोलत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

थकवा ही वेगळी गोष्ट आहे. चांगलं चालायला लागलेल्या माणसालाही तो गाठतो आणि झोपूनही जात नाही. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. अवघड कामं सकाळी ठेवा, मध्ये मध्ये विश्रांती द्या.

स्टेम सेल (मूळ पेशी) टोचून बरं होतं का?

आजवर ते सिद्ध झालेलं नाही. मान्यताप्राप्त संशोधनाच्या बाहेर, पैसे घेऊन कुणी हे देत असेल तर घेऊ नका. तो पैसा थेरपीवर खर्च करा.

बीपी आता नॉर्मल आहे. गोळी बंद करू का?

नॉर्मल आहे ते गोळीमुळेच. पक्षाघाताच्या दर चार-पाच रुग्णांपैकी एकाला तो आधी येऊन गेलेला असतो, आणि दुसरा झटका सहसा पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. बीपी साधारण १३०/८० च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट असतं, तुमच्या रुग्णासाठी नेमका आकडा विचारून घ्या. घरी मोजून वहीत लिहा. गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या दिल्या असतील तर त्यांतली एक बऱ्याचदा काही आठवड्यांनी थांबवायची असते, म्हणून कोणती आणि कोणत्या तारखेला ते विचारा. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर एकही डोस चुकवू नका. तंबाखू कुठल्याही रूपात बंद.

गाडी, नोकरी, शरीरसंबंध?

गाडीचा निर्णय स्वतः घेऊ नका. नजरेचा एक भाग गेला असेल, लक्ष एका बाजूला जात नसेल किंवा फिट येऊन गेली असेल तर हातपाय चांगले असूनही गाडी धोक्याची ठरते. कामावर शक्य असेल तर आधी अर्धवेळ जा. शरीरसंबंध तब्येत स्थिर झाल्यावर बहुतेकांना सुरक्षित असतो. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, आणि त्यासाठीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

मी एकटीच सगळं बघते. माझी कंबर गेली आहे आणि झोप नाही.

मग आधी तुमची सोय लावायला हवी. उचलणं बंद करा. सरकवायचं, वळवायचं, त्यांच्याकडून करून घ्यायचं. घरातल्या निदान आणखी एका माणसाला सगळं शिकवा, आणि आठवड्यातले ठरावीक तास त्याच्याकडे द्या. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या नातेवाइकाला नेमकं काम सांगा: मंगळवारी रात्रीची कूस बदलणं तुझ्याकडे. तुमचं बीपी, शुगर, तुमच्या गोळ्या मागे पडू देऊ नका. राग येतो, कधी वाटतं की सुटका व्हावी. असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि ते डॉक्टरांना सांगता येतं. सांभाळणाऱ्यांनाही नैराश्य येतं आणि त्यावरही उपचार आहे.

पुन्हा झटका आला हे कसं ओळखायचं, आणि काय करायचं?

अचानक चेहरा एका बाजूला ओढला जाणं, हात किंवा पाय गळणं, बोलणं अडखळणं किंवा न समजणं, दिसेनासं होणं, तोल जाणं, आजवर कधी झालं नाही असं भयंकर डोकं दुखणं. आधीच अधू असलेली बाजू एकाएकी जास्त अधू झाली तरीही. रुग्णवाहिका बोलवा. शेवटचं कधी ठीक बघितलं होतं ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. काही निवडक रुग्णांत रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढणं २४ तासांपर्यंतही शक्य होतं, म्हणून झोपेतून उठताना लक्षणं दिसली तरी उशीर झाला असं समजून बसू नका. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी जायचंच.

पाणी, अन्न, कुठलीही गोळी देऊ नका, अ‍ॅस्पिरिनसुद्धा नाही, कारण स्कॅन होईपर्यंत हा रक्तस्राव आहे की गुठळी हे कुणालाच सांगता येत नाही. बीपी जास्त दिसलं म्हणून घरी जादा गोळी देऊ नका. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. फिट आली तर तोंडात काही घालू नका, आजूबाजूच्या वस्तू हलवा, घड्याळ बघा. ती पाच मिनिटांत थांबली नाही तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा. निघताना औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट बरोबर घ्या. ते एका पिशवीत भरून आजच दाराजवळ ठेवा.